तीन शिट्ट्या, एक टोमॅटो आणि साडेतीन मुहूर्त

सकाळचे सात. मागच्या शेगडीवर कुकर, पुढच्या शेगडीवर तवा, कडेच्या बारक्या बर्नरवर दूध. कुकरात खाली डाळ, वर भात. पोळी तव्यावर पडते न पडते तोच आतून हाक येते, ‘‘आई, माझे सॉक्स?’’ ते कुठल्या खणात आहेत हे सांगता सांगता एका डब्यात भाजी भरली जाते, दुसऱ्याचं झाकण लागतं, आणि दूध उतू जायच्या बरोबर एक क्षण आधी बर्नर बंद होतो. ‘‘दुसरी झाली का गं?’’ सासूबाई देवघरातून विचारतात. दुसरी म्हणजे शिट्टी. या घरात सकाळी घड्याळ बघायची पद्धत नाही. तिसरी शिट्टी व्हायच्या आत अंघोळ उरकली तर नऊ तीनची लोकल मिळते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

वेळेचं नियोजन हा हल्ली मोठा धंदा आहे. पुस्तकं, अॅप, शिबिरं, रंगीत डायऱ्या. मी त्यातलं बरंच वाचलंय, बहुतेक सगळं दुसरी महत्त्वाची कामं टाळण्यासाठी. त्यातून जमलेली ही भेळ. आधी पोटोबा, म्हणून सुरुवात स्वयंपाकघरापासूनच.

उसळीचा क्रिटिकल पाथ

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी एक पद्धत बसवली. तिचं नाव ‘क्रिटिकल पाथ’. मोठ्या कामात शेकडो छोटी कामं असतात, पण त्यांतली मोजकीच एकमेकांच्या शेपटीला बांधलेली असतात. त्यांपैकी एक लांबलं की सगळं लांबतं. बाकीची थोडी मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. म्हणून आधी ती साखळी शोधायची. साधारण त्याच काळात, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रांसाठी अशाच धाटणीची ‘पर्ट’ पद्धत काढली.

आता रविवारच्या मिसळीचा विचार करा. मटकी शुक्रवारी रात्री भिजत घालायची. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात गच्च बांधायची. रविवारी सकाळी मोड. कांदा ऐन वेळी चिरता येतो, फरसाण कोपऱ्यावरून आणता येतं, पाव विसरला तर पोराला पिटाळता येतं. शुक्रवारी रात्री मटकी विसरली तर मात्र कुठलंही क्षेपणास्त्र उपयोगाचं नाही. माझ्या आजीला वॉकर आणि केली ठाऊक नव्हते. शुक्रवारी रात्री झोपताना ‘‘मटकी टाकलीस का?’’ एवढं मात्र ती न चुकता विचारायची.

चोवीस, पंचवीस, सव्वीस

आपल्याकडे पूर्वी अहोरात्राचे ६० भाग करत. एक भाग म्हणजे घटिका, २४ मिनिटांची. घटिकेचे पुन्हा ६० भाग म्हणजे पळं. एक पळ २४ सेकंदांचं. दोन घटिकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. मोजायचं साधन स्वस्त आणि मस्त: तळाला बारीक भोक असलेलं वाटीसारखं भांडं, घटिकापात्र. ते पाण्यावर सोडायचं, भोकातून पाणी आत चढायचं, भरलं की बुडायचं. ‘घटका भरली’ हे बोलणं तिथूनच आलं आणि आपलं ‘घड्याळ’ही त्याच कुळातलं. लग्नघरात हे पात्र तरंगत असे आणि भटजींचं निम्मं लक्ष नवरानवरीपेक्षा त्या वाटीकडे असे. मुहूर्ताला अवकाश असला की मावश्या-आत्या एकेक मंगलाष्टक वाढवत नेत. हे खास आपलं: मुहूर्त हलत नाही, गाणं लांबतं.

आता इटलीत चला. १९८० च्या दशकाची अखेर. फ्रांचेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याचा अभ्यास होईना. त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला आणि ठरवलं, हा वाजेपर्यंत उठायचं नाही. पुढे त्याने त्याची पद्धत केली: २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात, म्हणून ही पोमोदोरो पद्धत. जगभर गाजलेला हा टोमॅटो आपल्या घटिकेपेक्षा एका मिनिटाने मोठा आहे, बस्स.

सव्वीसची गंमत आणखी पुढची. नासाने लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर एक प्रयोग केला. उड्डाणात आळीपाळीने प्रत्येकाला ४० मिनिटं डोळे मिटायची मुभा. प्रत्यक्ष झोप सरासरी २६ मिनिटांची झाली आणि ती घेतलेले वैमानिक न झोपलेल्यांपेक्षा चांगलेच तरतरीत निघाले. दुपारी एक ते चार शटर ओढून घेणाऱ्या पुण्यातल्या दुकानदारांवर आजवर इतके विनोद झाले, पण वामकुक्षीच्या बाजूने विमानशास्त्र उभं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर, एक घटकाभर. तीन तास नव्हेत, हे आपलं माझं मत.

एक छोटा हिशेब राहिला. डेव्हिड अॅलन यांच्या २००१ च्या गाजलेल्या पुस्तकात एक नियम आहे: जे काम दोन मिनिटांत होतं ते यादीत लिहू नका, लगेच करून टाका. दोन मिनिटं म्हणजे बरोब्बर पाच पळं.

एकोणचाळीस मिनिटं मागे

भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबई मात्र बधली नाही. मुंबईची स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ होती, नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे, आणि ती थेट १९५५ पर्यंत वापरात राहिली. म्हणजे इंग्रज गेले, संविधान आलं, पहिली निवडणूकही झाली, तरी मुंबईत ‘किती वाजले?’ याला दोन खरी उत्तरं होती. त्याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली होती. रेल्वे तेव्हा मद्रासच्या वेळेवर चाले. लोकांनी इतकी खळखळ केली की सरकारला दोन वर्षांत माघार घ्यावी लागली.

आज त्याच मुंबईत माणूस ‘नवाच्या सुमारास’ निघत नाही. नऊ तीनची फास्ट, नऊ सातची स्लो. गाडी मधल्या स्टेशनात साधारण एक पळभर थांबते, आणि तेवढ्यात चढायचं तर पळ हा शब्द क्रियापद म्हणूनच घ्यावा लागतो.

आइसेनहॉवर आणि तानाजी

कामांची चार खणांत वाटणी करणारा तक्ता तुम्ही पाहिला असेल: तातडीचं आणि महत्त्वाचं, तातडीचं पण बिनमहत्त्वाचं, महत्त्वाचं पण बिनतातडीचं, आणि चौथ्या खणात उरलेला कचरा. त्याला आइसेनहॉवरचं नाव आहे. पण अमेरिकेच्या या अध्यक्षाने असा तक्ता कधी काढला नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये इलिनॉयमधल्या एव्हन्स्टन इथे जगभरच्या चर्चच्या परिषदेत भाषण करताना त्यांनी तातडी आणि महत्त्व यांतला फरक सांगितला. तोही एका माजी कॉलेज-अध्यक्षाचं म्हणणं म्हणून. चार खण लोकप्रिय केले ते स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकाने. थोडक्यात, विचार एकाचा, भाषण दुसऱ्याचं, पुस्तक तिसऱ्याचं.

आपल्याकडे हा धडा तिसरी-चौथीतच होऊन जातो. मुलगा रायबाचं लग्न ठरलेलं, आमंत्रणं द्यायला तानाजी मालुसरे गडावर आलेले आणि समोर कोंढाण्याची मोहीम. आधी कोणतं लगीन लावायचं ते त्यांनी उभ्याउभ्या ठरवलं, ही कथा तुम्हाला मी काय सांगणार! ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री गड आला. मला यात चटका लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. मागे टाकलेलं काम फालतू नव्हतं, पोटच्या पोराचं लग्न होतं. चौथ्या खणातला कचरा टाकून द्यायला कुणाला शिकवणी लागत नाही. एका महत्त्वाच्या कामासाठी दुसरं महत्त्वाचं काम बाजूला ठेवताना जीव तुटतो, आणि त्या तक्त्यात जीव तुटण्यासाठी खण ठेवलेला नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट रामदासांची. लग्न लागत असताना ‘सावधान’ ऐकलं आणि बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून पळाला, अशी आख्यायिका. सूचना ऐकून तत्काळ अंमल केल्याचं याहून झटपट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

बेडूक की कारलं?

‘सकाळी उठल्याबरोबर जिवंत बेडूक गिळा, मग दिवसभरात त्याहून वाईट काही घडणार नाही.’ नावडतं काम आधी उरका, असा अर्थ. हे वाक्य मार्क ट्वेनच्या नावावर खपवलं जातं, पण त्याच्या लेखनात ते सापडत नाही. माग काढत गेलं की अठराव्या शतकातल्या शांफोर नावाच्या फ्रेंच लेखकापाशी पोचतो.

बेडूक आपल्याला जड जातो. पण पानातली कारल्याची भाजी आधी संपवायची आणि मग गोडाला हात लावायचा, ही शिस्त बऱ्याच मराठी घरांत चमच्याच्या धाकाने लावली गेली आहे. इतकंच कशाला, आपलं नवीन वर्षच कडुलिंबाच्या पानांनी सुरू होतं. श्रीखंड नंतर.

साडेतीन मुहूर्त आणि सहासष्ट दिवस

नव्या संकल्पांवर एक छान संशोधन २०१४ मध्ये आलं. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी पाहिलं की लोक जिमला जायला कधी लागतात. आठवड्याच्या सुरुवातीला, महिन्याच्या सुरुवातीला, नव्या वर्षी, वाढदिवसानंतर गर्दी वाढते. जुना ‘मी’ मागे टाकायला माणसाला तारखेचा उंबरठा लागतो. या बाबतीत मराठी माणूस गडगंज श्रीमंत आहे. एक जानेवारी आहेच, वर गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा असे साडेतीन मुहूर्त. ‘आता दसऱ्यापासून’ म्हणायची सोय जगात इतर फार थोड्यांना आहे. आळस करायलाही मुहूर्त मिळतो, ही तिची दुसरी बाजू.

आणि सवय लागायला २१ दिवस पुरतात, हे विसरून जा. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून उचलला गेला. नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या सवयी खरोखर मोजल्या तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, कुणासाठी अंदाज २५४ वर गेला. पाडव्याला सकाळी फिरायला सुरुवात केलीत तर ज्येष्ठ महिन्यात ते अंगवळणी पडेल. म्हणजे पाऊस सुरू होईल तेव्हा.

वेटरला काय आठवतं

ब्लूमा झायगार्निक ही बर्लिनमध्ये शिकणारी तरुण मानसशास्त्रज्ञ. हॉटेलातल्या वेटरना पैसे न चुकवलेल्या ऑर्डरी लक्षात राहतात, बिल चुकतं झालं की ते सारं विसरतात, हे तिच्या गुरूंच्या गोतावळ्यात चर्चेला आलेलं. तिने प्रयोग केले आणि १९२७ मध्ये निष्कर्ष छापले: अर्धवट राहिलेली कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. रात्री दोन वाजता अचानक ‘विम्याचा हप्ता!’ म्हणून उठून बसणाऱ्यांची ती अधिष्ठात्री.

उताराही निघाला आहे. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलं की काम पुरं करायचीही गरज नाही. कधी, कुठे, कसं करायचं हे नक्की ठरवलं तरी डोक्यातली भुणभुण कमी होते. म्हणजे ‘विमा’ असं लिहून भागत नाही. ‘मंगळवारी जेवणाच्या सुटीत विमा’ असं लिहावं.

माझ्या स्वतःच्या यादीत ‘माळा आवरणे’ ही ओळ दोन वर्षं एका डायरीतून दुसऱ्या डायरीत बदली होऊन येते आहे. शिवाय मी एक लबाडी करतो. आधीच झालेलं काम यादीत लिहितो आणि लगेच त्यावर रेघ मारतो. लाज वाटायचं कारण नाही, ओळखीपाळखीत विचारून पाहिलं, सगळेच करतात.

दफ्तर दिरंगाई, सविस्तर

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांचा लेख ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये १९ नोव्हेंबर १९५५ ला आला. हाताशी असलेला सगळा वेळ भरून निघेल इतकं काम फुगतं, हा त्यातला प्रसिद्ध नियम. उदाहरण एका निवांत बाईचं, जिचा पुतणीला एक पोस्टकार्ड धाडण्यात अख्खा दिवस जातो. चष्मा शोध, पत्ता शोध, कोपऱ्यापर्यंत जायचंय तर छत्री घेऊ की नको. पण त्यांचा खरा निशाणा सरकारी कचेऱ्यांवर होता. १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या युद्धनौका ६२ होत्या, १९२८ मध्ये उरल्या २०. त्याच काळात नौदलाच्या मुख्य कचेरीतले अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजं बुडाली, टेबलं तरंगली.

महाराष्ट्राने यावर कायदा केला आहे. सरकारी कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. त्याचं नाव: ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’. नाव वाचतानाच दोन पळं गेली ना? लोकांनी त्याला आपला ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ करून टाकला.

‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो’

हे वाक्य बोलणारा माणूस बहुतेक वेळा टॉवेल शोधत असतो. तो खोटारडा असेलच असं नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या रोगाला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं: स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो, आधी दहादा तोंडघशी पडला असला तरी. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस. आणि सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे आपल्या दुःस्वप्नांतसुद्धा आपण आशावादी असतो!

मोठमोठ्यांचं तेच. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये ७० लाख डॉलरमध्ये उभं राहायचं होतं, ते १९७३ मध्ये १० कोटी २० लाखांत झालं. हसायला नको, वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ ची, अंदाज पाच वर्षं आणि सुमारे ६६० कोटी रुपये. ३० जून २००९ ला तो खुला झाला तेव्हा खर्च १,६०० कोटींच्या घरात होता. याला उतारा म्हणून ई. श्रीधरन यांनी दिल्ली मेट्रोच्या कामावर उलटी घड्याळं टांगली होती, किती दिवस झाले ते नव्हे, किती उरले ते दाखवणारी. तो पहिला टप्पा मुदतीच्या आत झाला.

मुदतीवरून आठवलं. इंग्रजी ‘डेडलाइन’ ही खरीच मरणरेषा होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमाराला, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या तळात कुंपणाच्या आत एक रेघ आखलेली असे. ती ओलांडणाऱ्याला गोळी. त्या मानाने दिवाळी अंकांचे संपादक मवाळ. ते नुसता फोन करतात, रोज. व्हिक्टर ह्यूगोची तऱ्हा आणखी वेगळी. १८३० मध्ये नोत्र दामवरची कादंबरी रखडली तेव्हा त्याने, म्हणे, बाहेर जायचे कपडे कुलपात टाकले आणि अंगभर लोकरी वस्त्र गुंडाळून लिहायला बसला. पुढच्या वर्षाच्या आरंभी कादंबरी हातावेगळी. लोकमान्य टिळकांना कपडे कुलपात टाकायची गरज पडली नाही, सरकारनेच त्यांना मंडालेत कुलपात टाकलं होतं. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने सुमारे पाच महिन्यांत लिहून काढलं.

आपला तुरुंग उलटा. कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क २००४ पासून लोक एका पडद्यावर किती वेळ टिकतात ते मोजत आल्या आहेत. तेव्हा सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडे ४७ सेकंदांवर आली. दोन पळांना एक सेकंद कमी.

१८९०

मुंबईच्या वेळेच्या इतिहासात हे साल दोनदा येतं.

त्या वर्षी महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं घेऊन डबे पोचवायचा धंदा सुरू केला. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची माणसं, डोक्यावर पांढरी टोपी, डब्यावर रंग आणि आकड्यांची खूण. भरभराटीच्या काळात पाच हजार डबेवाले दिवसाला दोन लाखांच्या घरात डबे पोचवत. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी लिहिला. त्यांच्या अचूकपणाचे जे आकडे भाषणांत ऐकवले जातात ते मी सोडून देतो. मला भावते ती त्यांची रजा. गावच्या जत्रेसाठी दरवर्षी चैत्राच्या आसपास पाच-सहा दिवस अख्खी सेवा बंद. साहेबांनी तेवढे दिवस कँटीनमध्ये खावं. वर्षभर मिनिटाला जपणाऱ्या माणसांनी ग्रामदैवत पहिल्या खणात टाकलंय आणि तिथे तडजोड नाही. २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स मुंबईत त्यांना भेटायला आले, तेही चर्चगेटला आणि डबेवाल्यांच्या कामात खोळंबा न होईल अशा वेळी.

आणि त्याच वर्षी, १० जून १८९० ला, गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची सुटी मान्य केली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ पासून ते सभा, अर्ज, सह्या करत होते. तोवर गिरणीत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आठवड्याची सुटी नाही. सुटी म्हणजे काय ती सणासुदीची. रविवार उशिरा उठून घालवताना त्यांची आठवण काढायला हरकत नाही. सरकारने २००५ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं.

सुटीशी खेळलेल्यांचं काय झालं तेही बघा. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये दहा तासांचा दिवस आणि दहा दिवसांचा आठवडा आणला. दहा तासांची घड्याळं १७९५ मध्येच बाद झाली. सोव्हिएत रशियात १९२९ मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला, कारखाने कधीच बंद राहू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी सुटी. नवऱ्याची सुटी एका रंगाची, बायकोची दुसऱ्या. घरात कुणी कुणाला भेटेना. १९४० मध्ये रविवार परत आला.

२८९ आणि ८८

पुन्हा स्वयंपाकघरात येऊ. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची त्यातली सरासरी दिवसाला २८९ मिनिटं निघाली. पुरुषाची ८८. आधीच्या, २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते, म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी घटली आणि अंतर तिथल्या तिथेच. २८९ मिनिटं म्हणजे बारा घटिका. वर मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळ्या रकान्यात.

वेळेच्या नियोजनावरची माझ्या कपाटातली पुस्तकं बहुतेक ८८ वाल्यांनी लिहिलेली आहेत. त्यांत ‘पहाटेचे दोन तास स्वतःसाठी ठेवा’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. चहा कोण करणार, ते नसतं. खरं नियोजन बघायचं असेल तर स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर काढून बघा. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं ते तिथी-वारासाठी. घराघरांत त्याच्या चौकटींत बॉलपेनने लिहिलेलं असतं: ‘दूध खाडा’. ‘सिलिंडर लावला’. ‘पेपर बंद, ४ दिवस’. ‘बाबा – डोळे, ११ वाजता’. ‘मटकी’. चार खण नाहीत, रंगीत स्टिकर नाहीत. आमच्या घरच्या कॅलेंडरवर मागच्या महिन्यात माझ्या हाताची एकच नोंद होती, ‘आयपीएल फायनल’. हा लेख लिहिताना मला दोनदा चहा मिळाला, हेही इथे नोंदवून ठेवतो.

तुम्हाला इथवर वाचायला साधारण अर्धी घटिका लागली असेल. तेवढ्यात तिसरी शिट्टी होऊन गेली आहे. उठा, गॅस बंद करा. आणि आजच्या चौकटीत काय लिहिलंय ते बघून, त्यातलं एक काम न सांगता तुम्हीच करून टाका.